पेल एल किटच्या एक तारा अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार,

घरी बिअर करायच्या आमच्या १९ लिटरच्या पेल एल किटला तुम्ही एक तारा दिलात. बिअर कडूजहर झाली, पाहुण्यांनी ग्लास अर्धे ठेवले आणि दोष दुकानातल्या शिळ्या हॉप्सचा (बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या फुलांचा), अशी तक्रार आहे.

शिळे हॉप्स असते तर बिअर उलट कमी कडू झाली असती. कडूपणा हॉप्समधल्या अल्फा आम्लातून येतो. ते दिवसांनी घटतं, ऊब आणि हवा लागली की भराभर घटतं. असल्या हॉप्सना जुनाट चीजचा वास येतो. पुड्या फोडल्यावर वास छान होता, हे तुम्हीच लिहिलंय.

कारण तुमच्या पुढच्याच वाक्यात आहे: ‘तिन्ही पुड्या उकळी फुटताच टाकल्या आणि तासभर उकळलं.’ किटमध्ये मॅग्नम जातीच्या हॉप्सची १४ ग्रॅमची एक पुडी (अल्फा १३ टक्के) आणि कॅस्केड जातीच्या २८ ग्रॅमच्या दोन (६ टक्के) असतात. मॅग्नम ६० मिनिटं उकळायचा, पहिली कॅस्केड शेवटची १० मिनिटं आणि दुसरी गॅस बंद केल्यावर. अल्फा आम्लाचं रूप उकळत्या वर्टमध्ये, म्हणजे बिअर होण्याआधीच्या मॉल्टच्या गोड पाण्यात, बदलतं, तेव्हा कुठे ते विरघळून कडू लागतं. १.०५० ग्रॅव्हिटीच्या (घनतेच्या) वर्टमध्ये तासाभरात साधारण २३ टक्के उतरतं, १० मिनिटांत जेमतेम ८. आमच्या वेळा पाळल्या तर बिअर ३० आयबीयूच्या (कडूपणा मोजायचं एकक) आसपास येते. तुमच्या पद्धतीने ६३ होतात. शिवाय फोटोत बादलीची पातळी १९ ऐवजी १७ लिटरवर दिसते, म्हणजे वरून पाणी कमी पडलंय. हिशेब ७० ला टेकतो. कोथिंबीर कोणी फोडणीत घालत नाही, तसंच कॅस्केडचं. तासभर उकळल्याने त्याचा वास वाफेबरोबर गेला आणि कडूपणा तेवढा राहिला.

त्यावर दोन चमचे जिप्सम (कॅल्शियम सल्फेट). ते किटमध्ये नव्हतं, तुम्ही कुठल्याशा रेसिपीतून घेतलंत. एवढ्याने लिटरमागे अडीचशे मिलिग्रॅमच्या घरात सल्फेट वाढतं आणि आहे तो कडूपणा जास्त कोरडा, टोकदार लागतो. किटमधल्या मॉल्ट एक्स्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे मॉल्टच्या आटवलेल्या अर्कात, कारखान्याच्या पाण्यातले क्षार आधीच उतरलेले असतात. एक्स्ट्रॅक्टच्या बिअरला जिप्सम सहसा लागत नाही.

आता बाटल्यांचं. त्या ओतून देऊ नका. बाटल्या उघडून साखर तर अजिबात घालू नका: साखर यीस्ट खाऊन टाकेल, गोडी उरणार नाही आणि बाटली फुटेल. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, यीस्टला पचत नाही, पण ती बाटल्या भरायच्या आधी घालायची गोष्ट आहे. शिवाय काळ्या, दाट स्टाउट बिअरमध्ये ती शोभते, पेल एलमध्ये नाही. सगळ्या बाटल्या पुन्हा बादलीत रिकाम्या करून पाणी मिसळायचा तुमचा विचारही सोडा. हवा लागून बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते, आणि ती कशानेच जात नाही.

मिसळायचं ते ग्लासात मिसळा. बाजारातल्या हलक्या अमेरिकन लागरचे १० आयबीयू धरा. निम्मी-निम्मी घेतली तर ४०, तुमची एक वाटा आणि लागर दोन वाटे घेतली तर ३०. त्याहून बरं म्हणजे पुढची बॅच याच एक्स्ट्रॅक्टची, फक्त ७ ग्रॅम मॅग्नम ६० मिनिटं उकळून करायची. ती ११ आयबीयूची होते. जगमध्ये दोन्हींची एकेक बाटली ओतली की चाळीस आयबीयूच्या आसपासची, दाटसर बिअर मिळते. लागर मिसळून ती जरा पातळ पडते.

बाटल्या तीन-चार दिवस फ्रिजमध्ये उभ्या ठेवा, एका दमात हळू ओता आणि तळाची बोटभर बिअर बाटलीतच राहू द्या. त्या गाळात यीस्ट आणि हॉप्सचा चुरा असतो, तोही कडू. सहा-आठ आठवडे थंडीत ठेवल्या तर धार बोथट होईल, पण ७० चे ३० होणार नाहीत.

एक तपासून पाहा. घोट गिळल्यावर जिभेच्या मागे कडू रेंगाळतं, की हिरड्या आणि गाल कोरडे पडतात? कोरडे पडत असतील तर तो हॉप्सचा प्रश्न नव्हे, किटमधली धान्याची पिशवी ७७ अंश सेल्सियसपेक्षा गरम पाण्यात भिजली किंवा थेट उकळली, त्याचा तुरटपणा आहे. त्यावर लागर मिसळून फारसं साधत नाही.

पुण्यातल्या भावाला किट पाठवायचा बेत होता असं लिहिलंय. तो नकोच. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे, म्हणून आम्ही भारतात किट पाठवत नाही. इथे अमेरिकेत केंद्राच्या नियमाने दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत चालतं, तेही विकायचं नाही.

वापरलेल्या किटचे पैसे परत देता येणार नाहीत. पण एक बाटली दुकानात घेऊन या, कडू की तुरट ते आम्ही चाखून सांगू. पुढच्या बॅचचा ७ ग्रॅम मॅग्नम काउंटरवर मोजून देऊ, त्याचे पैसे लागणार नाहीत.