लिफ्टमधला कॅप्टन

मी पायलट आहे म्हटल्यावर लोकांना वाटतं, गडी चांगला बोलका असणार. खरं सांगायचं तर या धंद्यात मी दाराकडे बघून आलो. कॉकपिटचं दार आतून बंद होतं आणि विचारल्याशिवाय कुणी आत येत नाही. आमच्या पार्ल्याच्या घराला अशी सोय नाही.

वर बोलणंही कसं नेमकं. कंट्रोलर उंची सांगतो, आपण तीच परत म्हणून दाखवायची, विषय संपला. "बाकी काय विशेष?" असं तो कधीही विचारत नाही. शिवाय १०,००० फुटांच्या खाली कामाव्यतिरिक्त चकार शब्द काढायचा नाही, असा नियमच आहे. गप्पांच्या नादात अपघात झाले, म्हणून अमेरिकेनं तो १९८१ साली केला. आता आम्हीही पाळतो. पार्लं १०,००० फुटांच्या बरंच खाली आहे. तिथे तो कुणीच पाळत नाही.

सवय मात्र जडते. परवा आत्याचा फोन आला. "गुरुवारी साडेसातला ये रे, येताना दोन नारळ आण." मी म्हणालो, "गुरुवार, साडेसात, दोन नारळ," आणि फोन ठेवला. पाचव्या मिनिटाला आत्या आईला विचारत होती, "तो चिडलाय का गं माझ्यावर?"

मग १८० माणसांसमोर घोषणा कशी करतोस, असं बायको विचारते. अगं, समोर काच असते आणि काचेपलीकडे ढग! सगळे पट्टे बांधून बसलेले, आणि माइक एकट्या माझ्याकडे. खरा प्रसंग उतरल्यावर येतो. काही कॅप्टन दारात उभे राहून प्रवाशांना नमस्कार करतात. माझी कागदपत्रं मात्र शेवटचा प्रवासी बसमध्ये चढेपर्यंत संपत नाहीत.

लग्नं तर विचारूच नका. दादरच्या हॉलमध्ये मामा माझा दंड धरून मला टेबलाटेबलावर फिरवतो. "हा आमचा पायलट!" पुढचे प्रश्न ठरलेले. विमान आपोआपच चालतं ना? झोप नाही लागत? तिकिटात काही होईल का? पावसाळ्यात मुंबईवर घिरट्या घालून इंधन उतरणीला लागलं, की अहमदाबादला तरी वळता येतं. लग्नात माझं अहमदाबाद म्हणजे हात धुवायचं बेसिन. मागच्या लग्नात मी चार वेळा हात धुतले, तेही जेवणाआधीच.

पण सगळ्यांत अवघड म्हणजे लिफ्ट. कॉकपिटसारखीच इवलीशी खोली, तशीच दोन माणसं. फक्त बघायला एकच इंडिकेटर, मजल्याचा. चौथ्या मजल्यावरचे काका मला तिथे नेमके गाठतात. "अरे कॅप्टन, काल रात्री दीडला आमच्या डोक्यावरून गेलं, ते तुझंच का?"

जुलैतल्या एका संध्याकाळी आम्ही दोघं चढलो आणि दिवे गेले. लिफ्ट मध्येच थांबली. काकांनी माझी बाही घट्ट पकडली. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. आणि माझ्या तोंडून, मलाही न विचारता, तो आवाज निघाला. "काका, आपण सध्या तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या दरम्यान आहोत. वॉचमनशी संपर्क झालेला आहे. काही मिनिटांत आपण चौथ्यावर पोहोचू. तोवर भिंतीला टेकून उभे राहा. सहकार्याबद्दल धन्यवाद."

संपर्क कसला, मी नुसता गजर दाबला होता. पण काका शांत झाले. बाही सोडून त्यांनी सवयीनं विचारलं, "चहा मिळेल का?"

दुसऱ्या दिवशी इमारतभर बातमी. रविवारी कमिटीची माणसं दारात. "गणपतीत पाचही दिवस सूत्रसंचालन तुम्हीच करायचं! काय आवाज आहे हो!"

मी "बघतो" म्हणालो. त्या तारखांना नाइट ड्युटी मिळावी म्हणून रोस्टरच्या माणसाला फोन लावला. दोनदा लावला, दोनदा रिंग वाजायच्या आत कापला आणि शेवटी ई-मेल केला.