साथीदार दिसला नाही, म्हणून कृष्णविवर?

एक पोस्ट अजून फिरतेच आहे: ‘सर्वांत जवळचं कृष्णविवर फक्त हजार प्रकाशवर्षांवर, एचआर ६८१९ या ताऱ्यांच्या संस्थेत! तिथल्या ताऱ्याला फिरवणाऱ्या साथीदाराचा प्रकाशच दिसत नाही, हाच पुरावा. तारा असता तर एवढ्या मोठमोठ्या दुर्बिणींना दिसला नसता का?’

दावा २०२० मध्ये झाला होता हे खरं. २०२२ मध्ये तो निकालात निघाला. चिलीतल्या व्हीएलटी या महाकाय दुर्बिणीच्या नव्या निरीक्षणांत तिथे दोनच तारे निघाले, ४० दिवसांत एकमेकांभोवती फिरणारे. त्यातल्या एकाचं बाहेरचं आवरण दुसऱ्याने ओढून घेतलंय. उरलेला तारा अंगाने फुगलेला, पण वस्तुमान सूर्याच्या निम्म्याहूनही कमी. तो भारी आहे असं धरल्यामुळे त्याला हलवायला अदृश्य राक्षस, म्हणजे कृष्णविवर, लागत होता. २०२२ च्या या शोधनिबंधावर मूळ दावा करणाऱ्यांचीही नावं आहेत, त्यामुळे पोस्टला जोडलेलं ‘शास्त्रज्ञ चुका लपवतात’ हे शेपूट तरी कापा.

आता ‘दिसत नाही’ हा मुद्दा. ययाती समूहातला फाय पर्सेई घ्या. मुख्य तारा सूर्याच्या नऊ-दहा पट जड आणि इतका वेगाने फिरणारा की त्याच्या वर्णपटातल्या, म्हणजे रंगांत फोडलेल्या प्रकाशातल्या, रेषा पसरट होतात. साथीदार जेमतेम सव्वा सूर्याएवढा, पण तापमान ५०,००० अंशांच्या वर. दृश्य प्रकाशात तो मुख्य ताऱ्याच्या झगमगाटात बुडतो, अतिनीलमध्ये त्याचा वाटा वाढतो. तिथेही रेषा नुसत्या नजरेला सापडत नाहीत. तप्त ताऱ्याचा नमुना वर्णपट प्रत्यक्ष वर्णपटावर सरकवत जुळवला की जुळणीच्या आलेखात एक बारीक शिखर उमटतं, आणि सुमारे १२७ दिवसांच्या फेरीत ते मुख्य ताऱ्याच्या उलट दिशेने सरकतं. कृष्णविवराला अशा रेषा कुठून येणार?

मोठ्या दुर्बिणींचं म्हणाल तर हा अतिनील प्रकाश हवेतल्या ऑक्सिजन आणि ओझोनमुळे जमिनीवर पोहोचतच नाही. आरसा आठ मीटरचा असो की ऐंशी. फाय पर्सेईच्या साथीदाराच्या रेषा १९९५ मध्ये हाती लागल्या त्या १९७८ साली सोडलेल्या आययूई या अतिनील दुर्बीण असलेल्या उपग्रहाच्या नोंदींतून. त्याचा आरसा ४५ सेंटिमीटरचा. पुढे हबलने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

मग खरं कृष्णविवर ओळखायचं कसं? आजचं ज्ञात सर्वांत जवळचं, गाया बीएच१, सुमारे १,५६० प्रकाशवर्षांवर आहे. तिथला दिसणारा तारा सूर्यासारखा, म्हणजे वस्तुमानाचा घोळ नाही. न दिसणारा साथीदार मात्र सूर्याच्या नऊ पटींहून जड. त्या वजनाचा साधा तारा असता, तर त्याच्या झगमगाटात उलट हा सूर्यासारखा ताराच झाकला गेला असता.