‘सगळं सिलेक्ट, अप्रूव्ह’वाल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, ‘त्रस्त प्लॅनर’ या नावाने लिहिणारे तुम्ही, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की मायक्रोसॉफ्ट डायनॅमिक्स या ईआरपीत (कंपनीचा स्टॉक, खरेदी, उत्पादन सांभाळणारी सिस्टीम) प्लॅन्ड ऑर्डरचं, म्हणजे मागणी बघून सिस्टीमने सुचवलेल्या ऑर्डरचं, अप्रूव्ह्ड स्टेटस जपून वापरा हा माझा सल्ला कन्सल्टंटी आहे, रोज रात्री प्लॅनिंगचा रन होतो (सिस्टीम सगळा हिशेब नव्याने करते) आणि सकाळी ऑर्डरचे नंबरच बदललेले असतात, परचेसवाले अंगावर येतात, म्हणून तुम्ही दर सोमवारी सगळ्या प्लॅन्ड ऑर्डर सिलेक्ट करून अप्रूव्ह मारता आणि आठवडाभर शांतता मिळते. वर हेही की कम्प्लिटेड केलेल्या ऑर्डरसुद्धा गायब होतात, म्हणजे स्टेटस हा निव्वळ देखावा.

त्रास खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण कम्प्लिटेडचं आधी सांगतो कारण ते पटकन संपतं. डायनॅमिक्समध्ये अनप्रोसेस्ड (अजून हात न लावलेल्या) आणि कम्प्लिटेड दोन्ही पुढच्या रनला उडतात, गरज असेल तर नवीन नंबरने परत येतात. कम्प्लिटेड ही फक्त तुमची खूण, ही ऑर्डर बघून झाली अशी, सिस्टीम तिला विचारत नाही. टिकते ती फक्त अप्रूव्ह्ड.

आता खरा मुद्दा. अप्रूव्ह केलं की ती ऑर्डर येणारा माल म्हणून धरली जाते आणि तिची तारीख, क्वांटिटी रन बदलत नाही. समजा सोमवारी २०० व्हॉल्व्हची ऑर्डर अप्रूव्ह झाली आणि बुधवारी कस्टमरने १२० वर आणलं. २०० तशीच राहणार, तिच्याखालच्या बॉडी, स्पिंडल, बोनेटची मागणीही २०० चीच राहणार, आणि सिस्टीम फार तर एक ॲक्शन मेसेज (ऑर्डर कमी करा अशी सूचना) देईल जो तुमच्या त्या शांततेच्या आठवड्यात कोण उघडणार? कॉमन साइज असेल तर ८० कुठेतरी खपतील, स्पेशल मटेरियलचा क्लास ३०० (प्रेशर रेटिंग) असेल तर रॅकवर धूळ खातील. उलट झालं, मागणी २०० वरून २३० झाली, तर जुन्या ऑर्डरला हात लागत नाही म्हणून शेजारी ३० ची नवीन उभी राहते, म्हणजे मशीनवर दोनदा सेटिंग. शॉपवाल्यांच्या शिव्या वेगळ्या.

मग अप्रूव्ह कधी करायचं? जेव्हा तुम्हाला असं काही माहीत असतं जे सिस्टीमला माहीत नाही. आमच्याकडे बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत याची उदाहरणं रोजची. राजकोटची कास्टिंगवाली पार्टी फोनवर म्हणते, भाई, अमुक तारखेला १५० देतो, त्याच्या आधी नाही. तर तारीख आणि क्वांटिटी बदला आणि अप्रूव्ह करा, नाहीतर रात्रीचा रन तुमचा बदल पुसून टाकणार. (एसएपी या दुसऱ्या ईआरपीत हाताने बदल केला की प्लॅन्ड ऑर्डर आपोआप फर्म होते, म्हणजे रन तिला हात लावत नाही, तिथले लोक या बाबतीत सुखी आहेत.) पण दिवाळीपासून लाभ पाचमेपर्यंत (कार्तिक शुद्ध पंचमी) पार्ट्या बंद, किंवा उत्तरायणाचे दोन दिवस, यासाठी अप्रूव्ह करू नका, ती दरवर्षीची सुट्टी आहे, व्हेंडरच्या कॅलेंडरमध्ये टाका. दिवाळीच्या आधी घाबरून सगळंच अप्रूव्ह करणारे प्लॅनर इथेही आहेत म्हणून सांगतोय.

आणि तुमचा मूळ आजार, रोज प्लॅन उलटापालटा होणं, त्याचा इलाज स्टेटसमध्ये नाहीच. कव्हरेज ग्रुपचे (आयटमच्या प्लॅनिंगच्या सेटिंगचे) निगेटिव्ह डेज बघा, म्हणजे येणारा माल किती दिवस उशिरा आला तरी चालेल तो आकडा, ते शून्य असतील तर माल दोन दिवस उशिरा येणार म्हणून सिस्टीम सरळ दुसरी ऑर्डर सुचवते, पुढच्या रनला ती काढते, परत सुचवते. जवळच्या काही दिवसांच्या ऑर्डर तशाही घ्यायच्याच असतील तर फर्मिंग टाइम फेन्स (आजपासून ठरावीक दिवसांची मर्यादा) लावा, त्या आपोआप पीओ (परचेस ऑर्डर) किंवा प्रॉडक्शन ऑर्डर बनतील आणि नंबर कायमचा मिळेल. परचेसवाल्यांना प्लॅन्ड ऑर्डरचे नंबर एक्सेलमध्ये काढून देणं मात्र बंद करा राव, तो नंबर एका रात्रीचा पाहुणा आहे, त्यांना आयटम आणि तारीख द्या.

शेवटी तुम्ही विचारलंय की आता साचलेल्या शेकडो अप्रूव्ह्डचं काय करू. स्टेटस अप्रूव्ह्ड आणि ऑर्डर डेट आजच्या आधीची असा फिल्टर लावा, परचेसच्या माणसाला शेजारी बसवा. त्याने पार्टीला शब्द दिलाय ती फर्म करा, म्हणजे खरी ऑर्डर बनवा, नाही दिला ती परत अनप्रोसेस्ड करा. मागे खरी मागणी असेल तर रात्रीच्या रनला ती नवीन नंबरने येईलच. फक्त हे सोमवारी सकाळी डिस्पॅचच्या गोंधळात करायला घेऊ नका, शनिवारी दुपारी करा.