मेल्यावर तुम्हाला उठवायला कोण येतं?

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्यांमध्ये एक वाद कधीच मिटत नाही: कॅरेक्टर, म्हणजे गेममधलं आपलं पात्र, मेल्यावर शिक्षा कडक हवी की सौम्य? जुने खेळाडू म्हणतात, मरणाची भीतीच नसेल तर जिंकण्यात काय राम? नवे विचारतात, दिवसभर राबून रात्री तासभर खेळायला बसायचं आणि तोही तास पाण्यात घालवायचा, हे कशासाठी? मला दोन्ही बाजू पटतात. पण शिक्षा किती मोठी, यापेक्षा ती हलकी कोण करू शकतं हे मला कितीतरी महत्त्वाचं वाटतं. बाजूचा खेळाडू? तुम्ही एकटेच? की गेममधलं दुकान?

एव्हरक्वेस्ट घ्या. १९९९ साली तो आला तेव्हा त्यातल्या मरणाचा लोकांनी अक्षरशः धसका घेतला होता. मेलात की एक्सपी, म्हणजे खेळून कमावलेले अनुभवाचे गुण, जायचा, आणि नुकतीच लेव्हल वाढलेली असेल तर लेव्हलही खाली यायची. कॅरेक्टर दूरवर कुठेतरी उघडंनागडं जिवंत व्हायचं. तलवार, चिलखत, पिशव्या सगळं प्रेतापाशी, म्हणजे ज्यांनी मारलं त्याच राक्षसांच्या पायाशी पडलेलं. प्रेत मुदतीत गाठलं नाही तर ते कुजून जायचं आणि सामानही गेलं. मग हातात काही नसताना पुन्हा त्याच गुहेत शिरायचं. याला कॉर्प्स रन म्हणायचे, आणि एक प्रेत आणायला गेलेल्याची तिथे दोन-तीन प्रेतं पडायची.

आज कोणी असा गेम काढला तर मी दोन दिवसांत सोडून देईन. तरीही त्या डिझाइनमधली एक गोष्ट मला मनापासून आवडते. वरच्या लेव्हलच्या क्लेरिकने, म्हणजे मंत्रांनी बरं करणाऱ्या खेळाडूने, उठवलं तर गेलेल्या एक्सपीपैकी ९६ टक्क्यांपर्यंत परत मिळायचा. नेक्रोमन्सर, म्हणजे मेलेल्यांवर जादू चालवणारा खेळाडू, प्रेत आपल्याजवळ ओढून आणू शकायचा. तुम्ही परवानगी दिलीत तर दुसरा खेळाडू तुमचं प्रेत सुरक्षित जागी ओढत न्यायचा. शिक्षा भयंकर, पण तिच्या प्रत्येक टोकाला कोणीतरी माणूस उभा. त्यामुळे क्लेरिकशी ओळख ठेवणं ही गरज होती, आणि लोकांशी उद्धटपणे वागणं खरोखर महागात पडायचं.

त्याच्याही आधी, १९९७ च्या अल्टिमा ऑनलाइनमध्ये मेल्यावर तुम्ही भूत व्हायचात. करड्या झग्यात फिरायचं, आणि काहीही टाइप केलं तरी जिवंत माणसांना फक्त ‘ओऊओओऊ’ असं काहीतरी दिसायचं. मदत मागायची सोय होती, पण शब्द नव्हते. स्पिरिट स्पीक हे कौशल्य शिकलेल्यालाच भुताचं बोलणं कळायचं. समोरून येणारा माणूस मलमपट्टी करून उठवेल की प्रेताजवळची पिशवी रिकामी करून जाईल, हे सर्वस्वी त्याच्यावर. लुटणारे इतके वाढले की २००० साली जगाचे दोन भाग करून एका भागात अशा लुटालुटीला आळा घालावा लागला. ते योग्यच झालं असं मी मानतो. माणसावर अवलंबून ठेवायचं तर माणसातला वाईटपणाही हिशेबात धरायलाच हवा.

मग २००४ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आला आणि सगळं सोपं झालं. मेलात तर भूत होऊन स्मशानातून प्रेतापर्यंत धावत जा आणि उठा. गिअरची, म्हणजे शस्त्र-चिलखताची, १० टक्के ड्युरेबिलिटी (टिकाऊपणा) जाते, रिपेअरचे पैसे भरा, विषय संपला. धावायचं नसेल तर स्मशानात गेमनेच ठेवलेली स्पिरिट हीलर तिथल्या तिथे उठवते, पण मग २५ टक्के ड्युरेबिलिटी आणि वरच्या लेव्हलला दहा मिनिटांची अशी दुर्बलता की अंगातली तीन चतुर्थांश ताकद गायब. नोकरी, घर, लहान मुलं सांभाळून खेळणाऱ्या लाखो लोकांना या उदारपणामुळेच या खेळांचं दार उघडलं. त्याला नावं ठेवणाऱ्यांशी मी नेहमी भांडतो.

आणि याच सौम्य गेममध्ये माझा सगळ्यात लाडका मरणाचा नियम होता. चाळीस जणांची रेड, म्हणजे एकत्र केलेली चढाई, बॉसशी, म्हणजे सगळ्यात बलाढ्य राक्षसाशी, लढाई हरत चाललेली, आता वाइप होणार, म्हणजे सगळेच मरणार, हे सगळ्यांना दिसतंय. अशा वेळी पॅलाडिन (धर्मयोद्धा) एका प्रीस्टवर, म्हणजे मेलेल्यांना उठवू शकणाऱ्या पुरोहितावर, डिव्हाइन इंटरव्हेन्शन नावाचा स्पेल (मंत्र) टाकायचा. पॅलाडिन जागच्या जागी मरायचा, आणि प्रीस्टभोवती तीन मिनिटांचं कवच यायचं. त्याला काही करता यायचं नाही, पण त्यालाही कोणी काही करू शकायचं नाही. बाकीचे एकामागून एक पडायचे, बॉस आपल्या जागी परत जायचा, आणि मग तो एकटा प्रीस्ट कवच काढून, मध्येमध्ये खाली बसून पाणी पीत ‘माना’, म्हणजे मंत्रांना लागणारी शक्ती, भरत, एकेकाला उठवायचा. पुढच्या प्रयत्नाची तयारी तिथूनच सुरू व्हायची. २०१० च्या कॅटॅक्लिझममध्ये हा स्पेल काढून टाकला, याचं मला अजून वाईट वाटतं. चाळीस जण भूत होऊन धावत आले असते तरी फार वेळ गेला नसता, हे मला मान्य आहे. पण कोणीतरी कोणासाठी तरी मेलं, हे त्या धावण्यात नसतं.

कडक शिक्षेचा खरा तोटा वेळेपेक्षाही मोठा आहे: ती माणसांना एकमेकांवर संशय घ्यायला लावते. फायनल फँटसी इलेव्हनमध्ये मरणाने लेव्हल खाली आली की त्या लेव्हलचं चिलखतही अंगावर राहायचं नाही. सहा जणांच्या पार्टीत (टोळीत) नवखा टँक, म्हणजे राक्षसाचा मार अंगावर घेणारा खेळाडू, चुकला की सहाही जणांना फटका. मग नवख्याला सोबत घेणार कोण? जिथे मरण इतकं महाग, तिथे शिकायला जागा उरत नाही. सिटी ऑफ हीरोजने आहे तो एक्सपी काढून न घेता पुढच्या कमाईतून कर्ज वळतं करायची पद्धत आणली. ती मला बरीच माणुसकीची वाटते.

गिल्ड वॉर्स टूने २०१२ मध्ये याचं सर्वात सुंदर उत्तर दिलं. जीव संपला की आधी तुम्ही जमिनीवर पडता, पडल्या पडल्याही थोडं लढू शकता, आणि कोणत्याही क्लासचा, म्हणजे योद्धा असो की जादूगार, कोणताही खेळाडू वाकून तुम्हाला उठवू शकतो. त्यालाही त्याचा एक्सपी मिळतो. शिक्षा जवळपास शून्य, पण अनोळखी माणूस थांबतो. मी हे रोज बघतो. पार्टी नाही, ओळख नाही, चॅटमध्ये एक अक्षर नाही, तरी धावता धावता कोणीतरी वळतं, उठवतं आणि पुढे जातं.

ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या गेमची गोष्ट वेगळी. तिथे जहाज फुटलं की ते गेलंच. जानेवारी २०१४ मध्ये बी-आर-फाइव्ह-आर-बी या तारामंडळातल्या लढाईत ७५ टायटन, म्हणजे सगळ्यात मोठी जहाजं, नष्ट झाली, आणि एकूण नुकसानीची किंमत तीन लाख डॉलरच्या वर धरली गेली. हा कडकपणा मला मान्य आहे, कारण फुटणारं जवळजवळ प्रत्येक जहाज कोणीतरी खेळाडूने बांधलेलं असतं आणि ते फुटल्याशिवाय पुढचं विकलं जाणार नाही. शिवाय खेळाडूंच्या मोठ्या आघाड्या आपल्या लढाईत जहाज गमावणाऱ्यांना त्याची भरपाई देतात. म्हणजे इथेही ओझं उचलायला माणसंच आली.

हार्डकोअरबद्दल, म्हणजे एकदा मेलात की कॅरेक्टर कायमचं गेलं अशा खेळाबद्दल, माझी तक्रार नाही. वॉरक्राफ्ट क्लासिकचे, म्हणजे वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या जुन्या रूपाचे, अधिकृत हार्डकोअर सर्व्हर ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाले. एकच जीव, हे ठाऊक असूनच लोक तिथे जातात. तरीही मार्च २०२५ मध्ये सर्व्हरवर बाहेरून हल्ले झाले आणि त्यात मेलेल्या कॅरेक्टर्सना कंपनीने परत उठवायचं ठरवलं, तेव्हा मला बरं वाटलं. राक्षसाने मारलं तर ते मरण मान्य. पण ते मरण खेळातलं नव्हतंच.

माझा राग आहे तो तिसऱ्या प्रकारावर, गेममधल्या दुकानावर. कित्येक मोबाइल गेम्समध्ये मेल्यावर दोन बटणं येतात: हिरे खर्च करून इथेच उठा, किंवा गावात परत जा. गेलेला एक्सपी हवा असेल तर त्याचेही हिरे, आणि हिरे विकत मिळतात खऱ्या पैशांनी. राक्षस किती जोरात मारणार हे ठरवणारा आणि त्यावरचं औषध विकणारा एकच. बाजूला हीलर, म्हणजे बरं करणारा खेळाडू, उभा असला तरी तुम्ही त्याच्याकडे बघत नाही, कारण बटण जवळ आहे. अशा गेममध्ये शिक्षा कडक आहे की सौम्य, हा प्रश्नच फसवा, कारण ती विक्रीच्या हिशेबाने कमीजास्त होत राहणार.

म्हणून नवा गेम घेतला की मी पहिल्या तासातच एकदा मुद्दाम मरून बघतो. स्क्रीनवर काय येतं ते वाचतो. हिऱ्यांचं बटण आधी दिसलं तर गेम तिथेच काढून टाकतो. दुसऱ्या खेळाडूची वाट पाहायला सांगितलं तर थांबतो, मग कितीही वेळ लागो.