यागर नुसता 'टिकला' म्हणून मोठा? : एका प्रतिक्रियेला उत्तर

निनावी वाचक, तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे आणि चांगलीच झोंबणारी आहे, त्यामुळे दोन ओळीत 'धन्यवाद, मतांचा आदर आहे' म्हणून सटकता येणार नाही. यारोमीर यागर या चेक आइस हॉकीपटूवर मी जो लेख लिहिला त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की हा माणूस म्हातारा होईस्तोवर खेळत राहिला म्हणून आकडे फुगले, स्टॅनली कप (लीगचं विजेतेपद) जिंकले ते पिट्सबर्गमधला त्याचा सहकारी मारिओ लेम्यू याच्या जिवावर, आणि बाकी सगळा भाडोत्री कारभार, नऊ क्लब बदलले, पैशासाठी रशियात गेला, पिट्सबर्गला टांग मारली, वॉशिंग्टनमध्ये अंग चोरलं. यातलं एक मला मान्य आहे, त्यावर शेवटी येतो.

आधी आकडे. एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मुख्य आइस हॉकी लीगमध्ये, १७३३ मॅचेस, ७६६ गोल, ११५५ असिस्ट (गोलला दिलेले पास), दोन्ही मिळून १९२१ पॉइंट्स, आणि त्याच्या वर फक्त वेन ग्रेट्झ्की. आता नुसतं टिकून हे होत असेल तर पॅट्रिक मार्लो बघा ना. सगळ्यात जास्त मॅचेसचा रेकॉर्ड त्याच्या नावावर, १७७९, म्हणजे यागरपेक्षा ४६ जास्त, आणि पॉइंट्स ११९७. मार्लो काही ऐरागैरा नव्हता हो, उत्तम फॉरवर्ड होता, पण जवळपास तेवढ्याच मॅचेसमध्ये सातशेच्या वर पॉइंट्सचा फरक पडतो तेव्हा वयाचं कारण चालत नाही. शिवाय पिट्सबर्ग सोडलं तेव्हा यागर होता २९ वर्षांचा, आणि तोवर ८०६ मॅचेसमध्ये १०७९ पॉइंट्स झाले होते. म्हातारपण अजून सुरूच व्हायचं होतं.

आणि तुम्ही जे जमेत धरलंत त्यात वजाबाकी कुठेय? १९९४-९५ चा सीझन लॉकआउटमुळे (क्लबमालक-खेळाडूंच्या वादात लीग बंद) ४८ मॅचेसचा झाला, २०१२-१३ चाही तसाच, २००४-०५ तर अख्खा गेला, आणि वर रशियातल्या ओम्स्कची तीन वर्षं. त्यात तो ज्या काळात ऐन भरात होता तो काळही ट्रॅपचा, म्हणजे मधल्या पट्ट्यात माणसं उभी करून गेम गुदमरवायचा, डिफेन्सवाल्याने जर्सीला लोंबकळलं तरी रेफ्री शिट्टी फुंकणार नाही असा. १९९९-२००० मध्ये हा दुखापतींमुळे फक्त ६३ मॅचेस खेळला आणि ९६ पॉइंट्स करून लीगमध्ये पहिला आला, दुसरा पावेल बुरे, त्याला ७४ मॅचेसमध्ये ९४.

लेम्यूचं म्हणाल तर १९९१ आणि ९२ चे कप लेम्यूच्या टीमचेच, कोण नाही म्हणतंय, पोरगं पहिल्या कपच्या वेळी १९ वर्षांचं होतं, इंग्रजीची बोंब, घरची आठवण काढून रडकुंडीला आलेलं, क्लबने सोबतीला यिर्झी हर्दिना नावाचा चेक सीनियर आणला तेव्हा कुठे जरा रुळलं. पण लेम्यू १९९७ ला निवृत्त झाला आणि तो नसताना यागरने सलग तीनदा स्कोअरिंगची आर्ट रॉस ट्रॉफी घेतली, चौथ्या वर्षी लेम्यू अध्येमध्ये परतला तेव्हाही यागरनेच घेतली. १९९८-९९ मध्ये १२७ पॉइंट्स, दुसऱ्या नंबरवर तेमू सेलान्ने १०७ वर. वीसचं अंतर! सावलीत राहून असं होत नाही राव. १९८१ ते २००१ ही एकवीस वर्षं त्या ट्रॉफीवर तीनच नावं आहेत, ग्रेट्झ्की, लेम्यू आणि हा.

आता मला खरं बोलायचंय ते त्याच्या खेळाबद्दल, कारण 'टिकला' म्हणताना तुम्ही ते नशिबाच्या खात्यात टाकताय. चाळिशीत फॉरवर्ड संपतो तो पाय गेले म्हणून, स्पीड गेला की पक (बॉलऐवजीची रबरी चकती) मिळत नाही आणि मिळाला तरी ठेवता येत नाही. यागरचा खेळ स्पीडवर उभाच नव्हता. त्याची कुठलीही क्लिप काढा, कोपऱ्यात बोर्डला, म्हणजे रिंकच्या कडेच्या भिंतीला लागून पक मिळाला की तो आधी वळतो, डिफेन्सवाल्याला पाठ देतो, गुडघे वाकवून पाय फाकवतो, कंबर मागे टाकतो, आणि लांबलचक स्टिक पुढे एका हातात, पक अंगापासून पार दूर. मागचा डावीकडून स्टिक घालायला गेला की हा उजवीकडे लोळल्यासारखा फिरतो, उजवीकडून आला की डावीकडे. विरार लोकलच्या दारात बॅग पोटाशी धरून पाठीने अख्खी गर्दी थोपवणारा माणूस पाहिलाय ना, तसा. सव्वासहा फूट उंची, शंभर किलोच्या वर वजन, आणि मांड्या अशा की दोन जण लटकले तरी हलत नाही. तेवढ्यात दुसरा डिफेन्सवाला मदतीला येतो, म्हणजे मधे कुणीतरी मोकळा सुटतो, आणि पास तिथेच जातो. ११५५ असिस्टमधले किती याच एका युक्तीतून आले असतील देव जाणे.

आणि हे फुकट नाही आलं. मॅच संपल्यावर रात्री उशिरा परत रिंकवर जायचा, वजनाचं जॅकेट घालून, घोट्याला वजनं बांधून एकटाच स्केटिंग करायचा, तेही चाळिशीत. म्हणून तर २०१५-१६ मध्ये फ्लोरिडाला, ज्या सीझनमध्ये तो ४४ चा झाला, त्याने ६६ पॉइंट्स केले, टीममध्ये सर्वात जास्त, आणि त्या वर्षी टीमने डिव्हिजन जिंकली. ज्याला तुम्ही फुगवलेले आकडे म्हणता ना, त्यात हे ६६ पण आहेत.

भाडोत्रीचं बघू. नोव्हेंबर १९९८ मध्ये पेंग्विन्सनी, म्हणजे पिट्सबर्गच्या क्लबने, दिवाळखोरी जाहीर केली. १९९९ च्या प्लेऑफमध्ये (कपसाठीच्या बाद फेऱ्या) आठव्या नंबरची ही टीम पहिल्या नंबरच्या न्यू जर्सीसमोर, सात मॅचेसची मालिका, यागर जांघेच्या दुखापतीने मधल्या मॅचेसना बाहेर, सहावी मॅच घरच्या रिंकवर, हरले की सीझन संपला. तो अर्धवट पायावर उतरला, शेवटच्या काही मिनिटांत बरोबरीचा गोल आणि ओव्हरटाइममध्ये जिंकायचाही गोल, दोन्ही त्याचेच, मग सातवीही जिंकले. घरच्या प्लेऑफ मॅचेसचं तिकिटांचं उत्पन्न त्या क्लबला तेव्हा सलाइनसारखं होतं. २००१ ला तो स्वतःही तिथे नाखूश होता, ट्रेड हवा होता, हे खरंय, पण क्लबलाही त्याचा पगार झेपत नव्हता, आणि त्याला वॉशिंग्टनला विकलं तेव्हा मालक कोण? लेम्यूच. मग टांग एकट्यानेच मारली कशी?

ओम्स्कला पैसा होता, होता ना, ३६ व्या वर्षी चांगला पगार मिळाला तर तुम्ही-आम्ही काय नाही म्हणणार आहोत? २०११ ला परत येताना मात्र तो पिट्सबर्ग सोडून कट्टर वैरी फिलाडेल्फियात गेला, पिट्सबर्गचे लोक भडकले ते मी समजू शकतो. त्यानंतर एकेक वर्षाचे करार करत हिंडला. पण त्याच २०११ मध्ये गावचा क्लब, क्लाद्नो, त्याने स्वतःच्या मालकीचा केला, प्रागजवळचं पोलाद-कोळशाचं गाव, आणि पन्नाशी ओलांडल्यावरही त्याच क्लबच्या जर्सीत बर्फावर उतरत होता. भाडोत्री माणूस असले आतबट्ट्याचे धंदे करत नाही.

पिट्सबर्गनेही शेवटी फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचा ६८ नंबर निवृत्त केला. (तो नंबर १९६८ चा, रशियन रणगाडे प्रागमध्ये घुसले ते साल, त्याचे आजोबाही त्याच वर्षी गेले.) राग त्यांनी सोडला, तुम्ही अजून धरून बसलाय.

नागानो ऑलिम्पिकमधल्या चेक सुवर्णपदकावर मी फार बोललो नव्हतो आणि आताही बोलत नाही, १९९८ चं ते पदक मुळात गोलकीपर हाशेकचं.

राहता राहिलं वॉशिंग्टन. सात वर्षांचा, ७.७ कोटी डॉलरचा करार, आणि जानेवारी २००४ मध्ये त्याच्या पगाराचा काही भाग स्वतः भरून त्यांनी त्याला न्यूयॉर्कच्या रेंजर्सकडे ढकलला. वॉशिंग्टनमध्ये तो कंटाळल्यासारखाच खेळला, कॅमेऱ्यातही दिसायचं, बचावाला मागे यायचे कष्ट नाहीत. त्याच माणसाने २००५-०६ ला न्यूयॉर्कमध्ये ५४ गोल, १२३ पॉइंट्स केले म्हटल्यावर तर वॉशिंग्टनवाल्यांची आणखीच जळली असणार. त्या अडीच वर्षांबद्दल हव्या तेवढ्या शिव्या घाला, मी मधे पडणार नाही. बाकीच्या वीसेक वर्षांवर भांडायचं असेल तर या परत, फक्त नाव टाकून या.