घड्याळं कशीही जुळवा, फेरी मारून आलेलं घड्याळ वेगळीच वेळ दाखवतं

बेळगाव-खानापूरकडच्या मराठी व्हॉट्सअॅप गटांत सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: आइन्स्टाइनने सापेक्षतावाद मांडताना घड्याळं जुळवायचा नियम स्वतःच्या सोयीने ठरवला, प्रकाशाचा एका दिशेचा वेग आजवर कुणी मोजलेलाच नाही, म्हणून 'वेगात असलेल्या घड्याळाची वेळ मंदावते' हे त्या नियमातून काढलेलं खोटं गणित आहे, मुलांनी त्यावर डोकं शिणवू नये. बी.एस्सी.ला असलेल्या माझ्या भाचीने तो मला पाठवला. खाली विचारलं होतं, "मामा, हे खरं काय? मग हा भाग सोडू काय?" परीक्षेच्या तोंडावर पोरांना असलं काही वाचायला देणाऱ्यांचा मला संताप येतो.

यात जे खरं आहे ते आधी मान्य करतो, कारण मेसेजची सगळी भिस्त त्यावरच आहे. दोन लांबच्या ठिकाणची घड्याळं जुळलेली आहेत असं कधी म्हणायचं, हे आधी ठरवावं लागतं. प्रकाशाला 'अ'पासून 'ब'पर्यंत जायला जितका वेळ लागतो, तितकाच परत यायला लागतो असं आपण धरतो. ते धरल्याशिवाय एका दिशेचा वेग मोजता येत नाही, कारण तो मोजायला दोन्ही टोकांना जुळलेली घड्याळं लागतात. पण यात उघडकीला आणण्यासारखं काय आहे? 1905 च्या निबंधाच्या पहिल्याच कलमात आइन्स्टाइनने स्वतः लिहिलंय की ही समानता आपण व्याख्येने ठरवतो. पुढे रायशेनबाख या जर्मन तत्त्वज्ञाने दाखवलं की जाण्या-येण्याचा वेळ असमान वाटून घेतला तरी चालतं. समीकरणं किचकट होतात, प्रयोगांची उत्तरं तीच राहतात. मेसेज लिहिणाऱ्याने हे शेवटचं वाक्य गाळलं आणि तिथेच सगळी दिशाभूल केली.

समजा, बेळगाव आणि हुबळी आपापल्या सूर्यावर घड्याळ लावतात, 1906 मध्ये भारतीय प्रमाणवेळ येण्याआधी गावोगाव लावत तसं. हुबळी पूर्वेला, म्हणून तिचं घड्याळ सुमारे अडीच मिनिटं पुढे. आता बेळगावहून निघालेली गाडी हुबळीला पोचायला कागदावर अडीच मिनिटं जास्त घेईल आणि परतताना अडीच मिनिटं कमी. घड्याळ लावायची पद्धत बदला, दोन्ही आकडे बदलतील. पण गाडी जाऊन परत येईपर्यंत बेळगाव स्टेशनच्या एकाच घड्याळात किती वेळ गेला, तो आकडा कुठल्याही पद्धतीने हलत नाही. जुळणीच्या नियमाची सत्ता चालते ती फक्त लांबच्या दोन घड्याळांच्या तुलनेवर.

म्हणून प्रश्न एवढाच उरतो: एकाच जागी परत आलेल्या घड्याळांत फरक पडतो की नाही? पडतो, आणि तो मोजलेला आहे. ऑक्टोबर 1971 मध्ये हाफेले आणि कीटिंग या अमेरिकी शास्त्रज्ञांनी चार सीझियम अणुघड्याळं प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली, एकदा पूर्वेच्या दिशेने आणि एकदा पश्चिमेच्या दिशेने. वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेतल्या घड्याळांशी निघताना तुलना केली, परतल्यावर पुन्हा तिथेच केली. पूर्वेच्या दिशेने फिरून आलेली घड्याळं सरासरी 59 नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) मागे पडली होती, पश्चिमेच्या दिशेने फिरून आलेली 273 नॅनोसेकंद पुढे गेली होती. सिद्धांताचे आकडे होते 40 मागे आणि 275 पुढे, दोन्हींत वीसेक नॅनोसेकंदांची अनिश्चितता धरून. घड्याळं शेजारी-शेजारी ठेवून वाचली, तेव्हा जुळणीची व्याख्या यात आणायची कुठून?

यात उंचीमुळे गुरुत्वाकर्षणाचाही भाग आहे (वर गुरुत्व कमी, म्हणून घड्याळ जलद चालतं), हे कुणी म्हणेल आणि ते बरोबरच आहे. मग सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेतलं म्यूऑनांचं कडं घ्या. म्यूऑन म्हणजे इलेक्ट्रॉनसारखा, पण क्षणात विघटन पावणारा कण. स्थिर म्यूऑन सरासरी 2.2 मायक्रोसेकंद (सेकंदाचे दशलक्षांश) टिकतो. 1970 च्या दशकात तिथे कड्यात गोल फिरवलेले म्यूऑन 64 मायक्रोसेकंदांच्या आसपास टिकले, म्हणजे सुमारे एकोणतीस पट. तिथे चढ-उतार नाही, फक्त वेग आहे. आणि प्रत्येक फेरीला ते त्याच जागेवरून जातात.

बाकीचे मुद्दे लवकर उरकतो. 'मायकेल्सन-मोर्ली प्रयोगात एकेरी वेग गृहीत धरला' हे साफ चूक. 1887 च्या त्या प्रयोगात एकच किरण दुभागून दोन्ही भाग आरशावरून परत आणले आणि पुन्हा एकत्र केले. त्यात घड्याळच नव्हतं. 'ही कल्पना प्वांकारेची, आइन्स्टाइनने चोरली' याबद्दल एवढंच: प्वांकारे या फ्रेंच गणितज्ञाने 1898 मध्ये समकालिकतेवर, म्हणजे दोन घटना एकाच वेळी घडल्या असं कधी म्हणायचं यावर, आणि 1900 मध्ये प्रकाश-संकेतांनी घड्याळं जुळवण्यावर लिहिलं होतं, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण मग नियम चुकीचा की चोरीचा? दोन्ही आरोप एकाच मेसेजात कसे बसतात?

'जीपीएसला सापेक्षतावाद लागत नाही' हा दावाही असाच. उपग्रहांवरची घड्याळं वेगामुळे दिवसाला 7 मायक्रोसेकंद मागे आणि कमी गुरुत्वामुळे 45 पुढे जातात. उरलेले 38 दुरुस्त केले नाहीत, तर त्या वेळात प्रकाश 11 किलोमीटर जातो, आणि अंतर काढताना चूक त्याच प्रमाणात साचत जाईल.

भाचीला मी कळवलंय, भाग सोडू नकोस. आणि मेसेज पुढे ढकलणाऱ्यांना विनंती आहे: विमानातून परत आलेल्या त्या घड्याळांमधला फरक जुळणीच्या नियमातून कसा निघतो, ते गणित मांडून दाखवा. ते जमेपर्यंत हा मेसेज पोरांच्या गटात टाकू नका.