कोलात बुडवलेली क्लीट

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय: बोटीच्या गंजक्या फिटिंग्ज बदलू नका, रात्रभर कोलात भिजवा, सकाळी फॉइलने घासा, नव्याकोऱ्या होतात. नाहीच झाल्या तर सगळीकडे स्टेनलेस बसवा, ते कधी गंजत नाही. बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत माझं बफिंगचं, म्हणजे धातू घासून चमकवायचं काम, नर्मदेकाठच्या चांदोदच्या नावाड्यांचं सामान अधूनमधून येतं. म्हणून दांडिया बाजारातल्या तिघांनी तो मलाच पाठवला.

आधी कोला. त्यात फॉस्फरिक अ‍ॅसिड असतं, लोखंडावरचा हलका गंज निघतो. कबूल. पण फिटिंग लोखंडाची आहे हे बघितलं कोणी? दोर बांधायची स्वस्त क्रोमची क्लीट बऱ्याचदा आतून जस्ताच्या ओतकामाची असते, आणि जस्ताला अ‍ॅसिड खातं. पितळेचं म्हणाल, तर चिंच आपणही लावतो, पण पाच मिनिटं. समई रात्रभर चिंचेच्या कोळात बुडवून कोणी ठेवतं का?

फॉइलने क्रोमवरचे डाग जातात. उडालेलं क्रोम परत येत नाही.

आता ‘नव्याकोऱ्या’. गेल्या पावसाळ्याआधी एकाने पाणी आत घ्यायचा पितळी व्हॉल्व्ह चमकवायला आणला. वरून ठीकठाक. कानशीचा एक हात मारला, तर खाली पिवळ्याऐवजी गुलाबी. व्हाइसमध्ये धरून पान्याला जरा जोर दिला आणि मान गुळाच्या खड्यासारखी तुटली. आतून भुसभुशीत. पितळेतलं जस्त पाण्यात निघून गेलेलं, मागे नुसती तांब्याची जाळी. भरूचकडे भरतीचं खारं पाणी चढतं, तिथे हे आणखी लवकर होतं. बफ मारला असता तर तो झकास चमकला असता आणि नर्मदेत गेल्यावर तुटला असता. पाण्याखाली पितळ नकोच. गनमेटल (तांबं-कथिलाचा मिश्रधातू) लावा, नाहीतर काचतंतू घातलेल्या नायलॉनचा व्हॉल्व्ह.

स्टेनलेसही गंजतं. त्याच्यावरचा संरक्षक थर हवेतल्या ऑक्सिजनवर टिकतो. फळीत रुतलेल्या स्क्रूला ओल मिळते, हवा मिळत नाही. डोकं चकचकीत आणि दांडा पोखरलेला. चांदोदच्या गोड्या पाण्यात ३०४ नंबरचं स्टेनलेस चालतं, खाऱ्यात मॉलिब्डेनमवालं ३१६ घ्या. दुकानदार लोहचुंबक लावून ‘हे बघा ३१६’ म्हणाला तर हसून सोडा, चुंबकाने हे दोन ओळखता येत नाहीत. अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीत स्टेनलेसचा बोल्ट थेट बसवला तर अ‍ॅल्युमिनियमच झिजतं, मध्ये नायलॉनचा वॉशर हवा.

मग स्वस्तात करायचं काय? नांगर, साखळी, कड्या लोखंडाच्या असतील आणि जाडी शिल्लक असेल तर गंज काढून गरम जस्तात बुडवून आणा. काम किलोवर होतं, चार होड्यांचं एकत्र पाठवा. कांशाच्या फिटिंगचं क्रोम गेलं असेल तर उरलेलंही काढा आणि उघडी ठेवा. नव्या क्रोमचा खर्च कशाला? जोडीतली एक हरवली, तर दुसरीवरून वाळूच्या साच्यात ओतून घेता येते. मात्र धातू थंड होताना दीडेक टक्का आखडतो: २०० मिलिमीटरची क्लीट ३ मिलिमीटर आखूड येते, भोकं जुळत नाहीत. साचा करायच्या आधी नमुन्यातली भोकं बुजवा, मागाहून मापाने पाडा.

आणि भावनगरकडे जाणं झालंच तर अलंग आहे. १९८३ पासून तिथे जहाजं मोडतात, रस्त्यालगतच्या दुकानांत जहाजावरचं सामान मिळतं. चुंबक इथे मात्र खिशात हवा: वरून पितळेचा मुलामा दिलेलं लोखंड त्याला चटकन चिकटतं.